छोट्या उपग्रहाने गॅमा-स्फोट पकडायचा कसा आणि त्याची दिशा काढायची कशी

गॅमा-स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा लोट. छोट्या उपग्रहावर गॅमा किरणांची दुर्बीण मावत नाही. स्फोटाची दिशा काढायला त्याच्याकडे मुख्य साधन एकच, घड्याळ. मी क्यूबसॅटचे, म्हणजे घनाकार छोट्या उपग्रहांचे, शोधक (किरण टिपणारी उपकरणं) तपासते आणि प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलांना आधी घड्याळाकडेच बसवते.

पण आधी स्फटिक. २०२१च्या मार्चमध्ये कक्षेत गेलेला जीआरबीअल्फा हा उपग्रह दहा सेंटिमीटरचा घन होता. त्यावर ७५ × ७५ × ५ मिलिमीटरची सीझियम आयोडाइड या स्फटिकाची वडी बसवली होती. गॅमा किरण आत शिरला की वडी किंचित चमकते आणि सिलिकॉनचे प्रकाशसंवेदक ती चमक मोजतात. बाहेरचा प्रकाश जराही आत जाता कामा नये. काळं आवरण चढवल्यावर अंधारात मोजणी घ्या, मग कडेकडेने टॉर्च फिरवा. आकडा हलला तर आवरण उतरवून पुन्हा चढवा.

आता स्फोट ओळखणं. समजा, स्फोट नसतानाही सेकंदाला सरासरी ४०० चमकांच्या नोंदी येतात. त्यांतला स्वाभाविक चढउतार ४००चं वर्गमूळ, म्हणजे २०. मी सरासरीच्या वर त्याच्या पाचपट वाढ मागते: ५००च्या वर गेलं तरच थांबून बघायचं. एवढ्यावर भागत नाही, कारण काही स्फोट सेकंदाच्या अंशात आटोपतात. तेव्हा तीच माहिती ६४ मिलिसेकंद, २५६ मिलिसेकंद, चार सेकंद अशा वेगवेगळ्या तुकड्यांत पुन्हा चाळा. ध्रुवांजवळ आणि ब्राझीलच्या बाजूच्या दक्षिण अटलांटिकवर विद्युतभारित कणांचा मारा असतो. तिथल्या उंचवट्यांवर विश्वास ठेवू नका.

छोटं असणं कधी वरदानही ठरतं. ९ ऑक्टोबर २०२२चा स्फोट इतका प्रखर होता की मोठे शोधक भरून वाहिले, म्हणजे त्यांना नोंदी मोजता येईनात. जीआरबीअल्फाने मात्र त्याचं शिखर नीट मोजलं. मला या गोष्टीचा अजूनही फार आनंद होतो.

दिशेसाठी किमान दोन उपग्रह हवेत. दोघांत ३,००० किलोमीटर अंतर असेल तर तेवढं कापायला प्रकाशाला दहा मिलिसेकंद लागतात. दुसऱ्याकडे स्फोट पाच मिलिसेकंद उशिरा पोचला, तर पाच भागिले दहा हा कोनाचा कोसाइन. कोन ६० अंश. म्हणजे दोघांना जोडणाऱ्या रेषेशी, पहिल्याच्या बाजूला, ६० अंश करणारं आकाशातलं एक वर्तुळ. स्फोट त्यावर कुठेतरी. वेळेत एकच मिलिसेकंद चुकला तर इथे साडेसहा अंशांची चूक होते! उशीर डोळ्यांनी मोजू नका. एका उपग्रहाच्या नोंदींचा आलेख दुसऱ्याच्या आलेखावर सरकवत न्या; जितकं सरकवल्यावर तो सर्वांत चांगला जुळतो, तेवढा उशीर धरा. टोकदार शिखरांचे स्फोट इथे सोन्यासारखे.

एकदा माहीत असलेला स्फोट मला आमच्या नोंदींत सापडेना. दोन दिवसांनी उमगलं: आमची वेळ जीपीएस उपग्रहांच्या घड्याळाची होती, जाहीर झालेली यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. २०१७पासून जीपीएस १८ सेकंद पुढे आहे. स्फोट तिथेच होता, १८ सेकंद पलीकडे. म्हणून फाइलच्या पहिल्या ओळीत वेळ कोणत्या घड्याळाची आहे ते लिहाच.

तिसरा उपग्रह आला की आणखी वर्तुळं मिळतात आणि ती बहुधा दोन बिंदूंत छेदतात. त्यांतला खरा कोणता? आधी पृथ्वीला विचारा: ५५० किलोमीटरवरून ती जवळजवळ तीस टक्के आकाश झाकते. एक बिंदू तिच्याआड असेल तर तो खोडा. नसेल तर चौथा उपग्रह लागेल, आणि तो त्या तिघांच्या प्रतलाबाहेर असायला हवा.