शेततळ्यात मासे सोडायचेत? आधी पाणी कधी खाली जातं ते बघा

आमच्या सांगोल्याच्या बाजूला डाळिंबासाठी शेततळं केलेल्या प्रत्येकाच्या मनात एकदा तरी येतंच की एवढं पाणी नुसतं साठून आहे तर मासे सोडू या, आणि दर पावसाळ्यात चार-पाच जण मला विचारतात, बीज म्हणजे माशांची पिल्लं कुठून आणू, किती सोडू, खायला काय घालू. मी सगळ्यांना उलटा प्रश्न विचारतो. तुझ्या तळ्यातलं पाणी पाच फुटाच्या खाली कधी जातं? याचं उत्तर माहीत असेल तर बाकीचं सगळं जमतं, आणि माहीत नसेल तर मासे सोडूच नका.

कारण शेततळं बागेसाठी आहे, माशांसाठी नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन वाढलं की झाडाला पाणी द्यावंच लागतं आणि तळं दर आठवड्याला खाली जातं, माशांना मात्र किमान पाच फूट पाणी हवं, त्याच्या खाली गेलं की पाणी तापतं, गर्दी होते, मग रोग सुरू. म्हणून मागून मोजत या. समजा १५ मार्चला पाच फूट राहतंय तर त्याच्या आत मासा विकलेला पाहिजे, आणि तळं भरतं ऑगस्टच्या मध्यात, म्हणजे हातात सातच महिने. सात महिन्यांत बोटभर लांबीची बोटुकली कशीबशी अर्ध्या किलोपर्यंत जाते आणि आपल्याकडे गिऱ्हाईक किलोच्या आसपासचा मासा मागतं. त्यामुळे कमी पाण्याच्या भागात मी मोठंच बीज घ्यायला सांगतो, ज्याला इयरलिंग म्हणतात ते, आदल्या वर्षीचं, दाटीत ठेवून वाढ रोखलेलं, ८०-१०० ग्रॅमचं. महाग पडतं हे खरं, पण मोकळं पाणी मिळालं की झपाट्याने वाढतं आणि मरही कमी असते. बारमाही पाणी असेल, कॅनॉल किंवा विहिरीचा आधार असेल तर बोटुकली चालेल.

आता किती सोडायचे. ३० बाय ३० मीटरचं, ३ मीटर खोल तळं धरा, उतार धरून त्यात साधारण १९ ते २० लाख लिटर पाणी बसतं आणि वरचं क्षेत्र ९०० चौरस मीटर, म्हणजे जवळपास ९ गुंठे. एरेटर म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र नसेल तर यात ५०० मासे सोडा, त्याच्या वर जाऊ नका. पहिल्या वर्षी एका बीजवाल्याच्या सांगण्यावरून मी असल्याच तळ्यात २००० सोडले होते, आठ महिन्यांनी निघाले तेव्हा पाव किलोचेही धड नव्हते, आणि तो माल कुणी घेईना. ५०० तले ४०० जगले आणि सरासरी ८०० ग्रॅम भरले तरी ३२० किलो माल होतो. तो विकला जातो.

जात कुठली, तर आपल्या तीनच. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. मातीच्या तळ्यात तिन्हीचं प्रमाण जवळपास सारखं ठेवलं तर चालतं, पण कागदाच्या, म्हणजे प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्यात तळाला चिखलच नसतो, मृगळाला चरायला काही मिळत नाही, म्हणून तो कमी करा. ५०० मध्ये ३०० रोहू, १५० कटला, ५० मृगळ असं मी ठेवतो. आंध्रातली मोठी तळीसुद्धा मुख्यतः रोहूवर आणि थोड्या कटल्यावरच चालतात. चंदेरा म्हणजे सिल्व्हर कार्प लवकर वाढतो पण कटल्याचंच खाणं खातो आणि मेल्यावर टिकत नाही, मी टाळतो.

हे मासे साठलेल्या पाण्यात आपणहून अंडी घालत नाहीत, त्यांना वाहतं नदीचं पाणी लागतं. म्हणून पूर्वी बंगालच्या नद्यांतून गोळा केलेलं बीज देशभर जायचं आणि त्यात कोणकोणत्या जातीची भेसळ आहे ते मोठं झाल्यावरच कळायचं. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरींनी माशाला पिट्युटरी ग्रंथीचं इंजेक्शन देऊन तळ्याच्या माशांकडून अंडी घेऊन दाखवली, म्हणून आज आपल्याला हॅचरीत शुद्ध बीज मिळतं. १० जुलै हा देशात मत्स्यशेतकरी दिवस म्हणून पाळतात तो त्यासाठीच. भुवनेश्वरच्या सीफा संस्थेने पुढे निवड पद्धतीने जयंती रोहू तयार केला, तो नेहमीच्या रोहूपेक्षा लवकर वाढतो, मिळाला तर जरूर घ्या.

थाई मागूर हा मिशाळ परदेशी मासा मात्र कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. त्यावर देशात बंदी आहे, आणि बंदी नसती तरी नको, कारण तो दुसरे मासे खातो, ओल्या जमिनीवरून सरकत पावसात ओढ्याला जातो आणि एकदा ओढ्यात गेला की गावातला मूळचा मासा संपवतो. तिलापियाचं पण जपून. उजनीत चिलापी, म्हणजे हाच तिलापिया, किती पसरलीय ते भिगवणच्या बाजारात जाऊन बघा. तिलापिया किंवा पंगस हा दुसरा परदेशी मासा करायचाच असेल तर मत्स्यव्यवसाय खात्याची रीतसर परवानगी काढून करा.

तळ्याची तयारी. मासे बाजूला ठेवा, आधी दोर बांधा. कागदाच्या शेततळ्यात पडलेला माणूस बाहेर येऊ शकत नाही, शेवाळामुळे कागद इतका निसरडा असतो की पोहणारासुद्धा दमून बुडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसरा, मग तिसरा. दरवर्षी अशा बातम्या वाचतो आपण, त्यात लहान मुलं जास्त असतात. मासे सोडले की तळ्यावरचा वावर वाढतो, रोज खाद्य टाकायला जायचं, मुलं बघायला येणार. म्हणून चारही बाजूंना गाठी मारलेला जाड नायलॉनचा दोर वरच्या खुंटापासून तळापर्यंत सोडा, दोन ठिकाणी हवा भरलेली ट्यूब दोराने बांधून तरंगत ठेवा, एका बाजूला टायरची शिडी आणि सगळीकडून तारेची जाळी. फीडच्या, म्हणजे तयार खाद्याच्या दोन-चार गोण्यांच्या पैशात हे दोर आणि ट्यूब होतात. याशिवाय मासे सोडायला मी कुणालाच सांगत नाही.

नवीन तळं बोअरच्या पाण्याने भरलं असेल तर त्यात ऑक्सिजन जवळजवळ नसतो, पाणी उंचावरून पडू द्या आणि आठ-दहा दिवस तसंच राहू द्या. पीएच म्हणजे पाण्याची आम्ल-विम्लता बघा, साडेसात ते साडेआठ उत्तम. कमी असेल तर शेतीचा चुना, ९ गुंठ्याला २०-२२ किलो, पाण्यात कालवून सगळीकडे शिंपडायचा. मग ताजं शेण गोणपाटात बांधून दोन कोपऱ्यांत लटकवा, थेट ओतू नका, तळाला बसून सडतं. आठवडाभरात पाण्याला हिरवट-तपकिरी झाक येते, ते माशांचं फुकटचं खाद्य. किती हिरवं हवं हे बघायला कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, तळवा जेमतेम दिसला तर बरोबर. लख्ख दिसला तर शेण वाढवा, मनगट बुडतानाच तळवा दिसेना झाला तर शेण आणि फीड दोन्ही थांबवा.

बीज सरकारी केंद्रातून किंवा ज्याच्या हॅचरीवर तुम्ही स्वतः जाऊन आलात त्याच्याकडूनच. फोनवर पैसे पाठवून मागवू नका. मोजून घ्या, एक वाटी किंवा चाळणी समोर मोजायला लावा आणि मग वाट्यांवर हिशोब. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी आणा. पिशवी फोडून लगेच ओतायची नाही, बंद पिशवी पाण्यावर १५-२० मिनिटं तरंगू द्या, मग तोंड सोडून तळ्याचं थोडं थोडं पाणी आत घ्या आणि पिशवी आडवी करा, बीज आपण होऊन बाहेर जाईल. त्याआधी १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम खडेमीठ विरघळवून त्यात एक-दोन मिनिटं बुडवून काढलं तर अंगावरचे जंतू जातात.

खाद्य. शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे निम्मे हे जुनं आणि अजूनही चांगलं. पेंड रात्री भिजवून गोळे करून छिद्रं पाडलेल्या गोणीत भरायचे आणि ती बांबूला टांगायची, मासे धडका देऊन खातात. तरंगणारं तयार फीड महाग आहे पण कागदाच्या तळ्यात मला तेच परवडतं, कारण खाल्लेलं दिसतं. सुरुवातीला २८ टक्के प्रोटीनचं, नंतर २४ चं. रोजचं प्रमाण वजनाच्या ३ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमचे ५०० मासे म्हणजे ५० किलो, त्याला दीड किलो फीड, सकाळ-संध्याकाळ मिळून. मासा मोठा होईल तसं टक्केवारी दोनवर आणा. यासाठी महिन्यातून एकदा फेकजाळ्याने २०-२५ मासे काढून वजन करायचं, वहीत लिहायचं. १५-२० मिनिटांत संपलं नाही तर उद्या कमी टाका. थंडीत डिसेंबर-जानेवारीत मासा खातच नाही फारसा, तेव्हा जबरदस्ती करू नका.

सगळ्यात जास्त मासे मरतात ते ऑक्सिजन कमी पडून, रोगाने नाही. दिवसा हिरवं पाणी ऑक्सिजन तयार करतं आणि रात्री तेच शेवाळ तो खातं, त्यामुळे पहाटे चार ते सहा ही वाईट वेळ. ढगाळ हवा असली की दिवसाचं बनणंही थांबतं. माझ्याकडे सप्टेंबरमध्ये चार दिवस सूर्य नव्हता, मी नेहमीसारखं खाद्य टाकत राहिलो, पाचव्या दिवशी पहाटे गेलो तर सगळे मासे पाण्याच्या वर तोंड काढून आ वासत होते, कटले आधीच उलटे झालेले, आणि शेतीची लाईट त्या आठवड्यात दिवसपाळीची, म्हणजे पहाटे पंप चालू करता येईना. शेजाऱ्याचं डिझेल इंजिन आणेपर्यंत साठ-सत्तर गेले. तेव्हापासून नियम केलाय, ढगाळ हवेत खाद्य बंद, शेणाच्या गोण्या बाहेर, आणि रोज पहाटे एक चक्कर. मासे वर आलेले दिसले की त्याच तळ्यातलं पाणी पंपाने उचलून पाच-सहा फुटावरून परत तळ्यात पडेल असं करा, पाईपच्या तोंडाला छिद्रांचं डबडं बांधलं तर आणखी चांगलं. सूर्य वर येईपर्यंत चालू ठेवा.

डाळिंब-द्राक्षवाल्यांसाठी वेगळं सांगतो. फवारणीचा पंप, ब्लोअर, औषधाची बादली तळ्याच्या पाण्यात कधीही धुवायची नाही. सायपरमेथ्रीनसारखी औषधं अगदी थोडी गेली तरी मासे मरतात. शेवाळ मारायला मोरचूद टाकायची सवय असते बऱ्याच जणांना, मासे असताना ते पूर्ण बंद. वारा तळ्याकडे असेल त्या दिवशी त्या बाजूच्या ओळी फवारू नका.

रोगाचं थोडक्यात. अंगावर लाल चट्टे आणि जखमा दिसल्या तर सीफाचंच सीफॅक्स औषध येतं, मात्रा पाण्याच्या घनमापावर असते, लेबल वाचून द्या. मासे काठाला, दोराला अंग घासत असतील तर आर्ग्युलस म्हणतात ती माशांची ऊ असते, चपटी, डोळ्याने दिसते. ती अंडी कडक वस्तूवर घालते, म्हणून बांबूचे दोन-चार तुकडे पाण्यात ठेवायचे आणि दर आठवड्याला काढून कडक उन्हात वाळवायचे, अंडी मरतात. पाणकावळे आणि बगळ्यांसाठी तळ्यावर फूट-दीड फुटावर नायलॉनच्या दोऱ्या ताणल्या की पुरतं, पाखरं मारू नका.

विकायचं महिनाभर आधी ठरवा. श्रावणात आणि मार्गशीर्षात उठाव नसतो, बुधवार, शुक्रवार, रविवार हे विक्रीचे दिवस, धुळवडीला चांगली मागणी असते आणि आपलं तळंही नेमकं तेव्हाच खाली येत असतं. बांधावर जिवंत विकलं तर भाव सगळ्यात चांगला, गावाच्या ग्रुपवर दोन दिवस आधी टाका. आदल्या दिवशी खाद्य बंद. जाळं ओढायला भोई लोकांना बोलवा, त्यांचा हात वेगळाच असतो, मासा कमी जखमी होतो. बाहेर पाठवायचा तर मासा आणि बर्फ वजनाने सारखे.

कागदपत्रांचं, २०२० पासूनच्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठरलेलं आहे, मासेवाल्यांना किसान क्रेडिट कार्डही मिळतं आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय यांच्या ऑफिसात जाऊन आत्ता काय चालू आहे ते विचारा, आणि खर्च करायच्या आधी विचारा.

मासे निघाल्यावर तळाला फूटभर काळं पाणी उरतं, ते ओढ्याला सोडू नका. पंपाने उचलून बागेच्या आळ्यांत द्या, ड्रीपमधून नको, लॅटरल म्हणजे ड्रीपच्या बारीक नळ्या चोकअप होतात. गाळ काढायला फावडं-खोरं आत नेऊ नका, कागद फाटतो, रबरी वायपर आणि प्लास्टिकची घमेली वापरा, आणि उतरताना एक माणूस दोर धरून वर उभा असला पाहिजे.