लॉग टाकून जहाजाचा वेग कसा मोजायचा

एकोणिसाव्या शतकातल्या शिडाच्या जहाजावर वेग मोजायला तीन वस्तू पुरत: लाकडी फळी, खुणा केलेला दोर आणि 28 सेकंदांचं वाळूचं घड्याळ. फळी आणि दोर मिळून होतो तो ‘लॉग’.

फळी पाव वर्तुळाच्या आकाराची, साधारण 6 इंच त्रिज्येची. गोल कडेत शिसं भरलेलं असल्यामुळे ती पाण्यात उभी राहते आणि जागा सोडत नाही. तिच्या कोपऱ्यांतून निघालेल्या तीन दोऱ्या मुख्य दोराला मिळतात. त्यातला निदान एक जोड पक्का न बांधता खुंटीने अडकवायचा. मोजणी झाल्यावर हिसका दिला की खुंटी निसटते, फळी आडवी होते आणि सहज ओढता येते. खुंटी सैल बसली तर ती आधीच निसटते, फळी जहाजामागे फरफटते आणि वेग कमी भरतो.

खरी मेहनत दोराची. तो आधी भिजवून ताणावा, मगच खुणा कराव्यात. पहिले 10 ते 20 वाव (एक वाव म्हणजे 6 फूट) कोरे सोडून चिंधी बांधा. जहाजामागचं घुसळलेलं पाणी तेवढ्यात मागे पडतं. चिंधीपासून दर 47 फूट 3 इंचांवर गाठीची खूण. सागरी मैल 6,080 फुटांचा, म्हणून ताशी एक मैल वेगाने 28 सेकंदांत एवढंच अंतर कापलं जातं. डेकवर या अंतरावर दोन खिळे ठोकले की दोर केव्हाही पडताळता येतो.

एकाने दोराचं रीळ डोक्यावर धरायचं, दुसऱ्याने घड्याळ. तिसरा पिछाडीवरून, वारा ज्या बाजूला वाहतो तिकडे फळी टाकतो. चिंधी हातातून गेली की ‘उलटा!’ म्हणत घड्याळ उलटायचं, वाळू संपली की ‘थांबवा!’ दोर तिथेच पकडून गाठी मोजायच्या; जितक्या गाठी, तितके सागरी मैल ताशी. दोर खेचू नये, अडवूही नये. वेग फार असेल तर 14 सेकंदांचं घड्याळ वापरून आकडा दुप्पट करतात.

दमट हवेत वाळू हळू गळते. घड्याळाला 30 सेकंद लागत असतील तर 9 गाठींचा खरा वेग 8.4. वापरून लांबलेला दोर त्याहून घातक: वेग कमी दिसतो, जहाज हिशेबाच्या पुढे असतं आणि रात्री किनारा अपेक्षेआधी समोर येतो. मागून लाटा येत असतील तर फळी जहाजाकडे ढकलली जाते, तेव्हाही आकडा कमीच येतो. आणि सागरी प्रवाह फळीलाही सोबत नेतो, त्यामुळे तो लॉगमध्ये कधीच दिसत नाही. त्याची भर नकाशावर वेगळी घालावी लागते.