हॅलोवीन मूळ आयरिश पद्धतीने घरी कसा करायचा

आयर्लंडला नवीन आलेल्या मराठी मंडळींचा ऑक्टोबरमध्ये ठरलेला प्रश्न असतो, हॅलोवीनला नक्की करायचं काय, भोपळा आणायचा, पोरांना ड्रेस घ्यायचा आणि चॉकलेटं वाटायची एवढंच ना? एवढं केलंत तरी चालतंय, पण हा सण अमेरिकेतून इथे आलेला नाहीये, तो इथूनच तिकडे गेलाय, आणि आपण राहतोय त्याच मातीत, मग एकदा तरी इथल्या पद्धतीने करून बघाच. मी मीथ काउंटीत राहते, शेजारच्या आजींनी मला पहिल्या वर्षी हाताला धरून सगळं शिकवलं, तेच सांगते.

आधी हे कशासाठी ते समजून घ्या, नाहीतर नुसतं डेकोरेशन होतं. मूळ सण साउइन. आयरिश भाषेत नोव्हेंबर महिन्याचं नावच साउइन आहे. जुन्या लोकांचा दिवस सूर्यास्ताला सुरू व्हायचा, म्हणून १ नोव्हेंबरचा सण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळीच लागतो. पीक घरात आलेलं, गुरं वरच्या कुरणांवरून खाली आणलेली, वर्षाची उजेडाची बाजू संपून अंधाराची सुरू होतेय, आणि या एका रात्री आपलं जग आणि पलीकडचं जग यांच्यातलं दार उघडं राहतं अशी श्रद्धा. आमच्या इथून जवळ अथबॉयला हिल ऑफ वॉर्ड नावाची टेकडी आहे, तिथे साउइनची मोठी आग पेटवायचे असं जुन्या लिखाणात आहे, आणि रॉसकॉमनमध्ये रॅथक्रॉहनला एक अरुंद गुहा आहे, मांजरांची गुहा म्हणतात तिला, पलीकडचे जीव साउइनला तिथूनच बाहेर येतात असं जुन्या गोष्टींत सांगितलंय. पुढे चर्चने १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांचा दिवस केला, आणि संतांच्या सणाची आदली संध्याकाळ म्हणजे ऑल हॅलोज ईव्ह, तेच बोलता बोलता हॅलोवीन झालं. या दिवसांत गेलेली माणसं घरी येऊन जातात म्हणून रात्री चूल धगधगती ठेवायची, दाराला कडी लावायची नाही, त्यांच्यासाठी काहीतरी खायला ठेवायचं, हे आजींच्या तोंडून ऐकलं आणि मला एकदम सर्वपित्रीला कावळ्याची वाट बघत उभे असलेले माझे बाबा आठवले, तेव्हापासून हा सण मला परका वाटलाच नाही.

आता कंदील. भोपळा नको, टर्निप घ्या. इथल्या दुकानात टर्निप म्हणून जो मिळतो तो आपला पांढरा सलगम नाही, वरून जांभळट आणि आतून पिवळा असा मोठा कंद असतो, तोच हवा, नारळाएवढा तरी बघून घ्या. बुडाचा पातळ काप काढा म्हणजे तो बसेल, वरून टोपीसारखा काप काढून बाजूला ठेवा. आता खरं काम, कारण हा प्रकार दगडासारखा कडक असतो, घाईघाईत सुरी सटकून हात कापतो. आधी सुरीच्या टोकाने आतल्या गरावर उभ्या आडव्या चिरा मारा, मग जाड स्टीलच्या चमच्याने थोडं थोडं खरवडत जा, ड्रिल असेल तर चार-पाच भोकं पाडून घ्या, निम्मं काम होतं. भिंत एक-दीड सेंटीमीटर ठेवा. डोळे त्रिकोणी, तोंड वाकडं, दात दोन-तीनच. कडेला दोन भोकं पाडून दोरी ओवा आणि आत बॅटरीवालं टीलाइट, म्हणजे छोटी दिव्यासारखी मेणबत्ती, ठेवा. खरी मेणबत्ती लावलीत तर झाकण आतून भाजतं आणि घरभर उग्र वास सुटतो, पण आजींच्या मते त्या वासाशिवाय हॅलोवीन नाहीच. खरवडलेला गर टाकू नका, मोहरी-मिरचीची फोडणी देऊन भाजी छान होते, मी दरवर्षी करते.

या कंदिलाची गोष्ट पोरांना नक्की सांगा. जॅक नावाच्या कंजूष माणसाने सैतानाला फसवलं, मेल्यावर त्याला स्वर्गात जागा नाही आणि नरकातही घेईनात, मग सैतानाने दिलेला एक निखारा कोरलेल्या टर्निपमध्ये ठेवून तो अजून अंधारात फिरतोय. भोपळा नंतरचा, आयरिश लोक अमेरिकेत गेले, तिथे भोपळे मुबलक आणि कोरायला मऊ, मग तोच रुळला.

खाण्यात बारमब्रॅक, म्हणजे बेदाणे-मनुका घातलेला गोड पाव, हवाच. दुकानात मिळतो, आत अंगठी घातलेला, पण घरी सोपा आहे. रात्री ३७५ ग्रॅम बेदाणे-मनुका ३०० मिली कडक कोऱ्या चहात भिजत घाला, सकाळी त्यात २२५ ग्रॅम सेल्फ रेझिंग (बेकिंग पावडर घातलेला) मैदा, १२५ ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडं, थोडी दालचिनी आणि जायफळ, हलक्या हाताने मिसळून ओव्हनमध्ये १६५ डिग्रीवर साधारण सव्वा तास भाजा. अंगठी, नाणं, वाटाणा, चिंधी, काडी हे बेकिंग पेपरमध्ये गुंडाळून आत घालायचं. ज्याला अंगठी मिळेल त्याचं लग्न, नाण्याला पैसा, वाटाणा म्हणजे यंदा लग्न नाही, चिंधी म्हणजे तंगी, काडी म्हणजे नवरा-बायकोची भांडणं. लहान पोरांच्या तुकड्यात काय जातंय ते तुम्ही स्वतः बघून द्या. जेवायला कोलकॅनन, म्हणजे उकडलेला बटाटा कुस्करून त्यात केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा कोबी आणि भरपूर बटर, झालं.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पोरं गोळ्या मागत घरोघरी फिरायला लागतात. दारात कंदील दिसला की या घरी चालतं असं ते समजतात, कोणी यायला नको असेल तुम्हाला तर पुढचा दिवा बंद ठेवा, कोणी बेल वाजवत नाही. गोळ्या पॅकबंद द्या, आणि काही पोरांना दाण्यांची ॲलर्जी असते म्हणून दाणे नसलेल्या गोळ्यांची एक वाटी वेगळी ठेवा. पूर्वी सफरचंद आणि अक्रोड-हेझलनट द्यायचे. मुखवटा घालायचं कारण म्हणजे बाहेर फिरणाऱ्या त्या जीवांनी आपल्याला ओळखू नये, म्हणून विकतचा ड्रेस हवाच असं नाही, जुना कोट उलटा घाला, तोंडाला काजळी फासा. घरात टबभर पाण्यात सफरचंदं सोडून हात मागे बांधून दाताने उचलायचा खेळ ठेवा, मोठे पण भिजतात. एक मात्र, दिवाळीचे उरलेले फटाके बाहेर काढू नका, लायसन्सशिवाय जवळ बाळगणं पण इथे गुन्हा आहे.

कंदील लगेच फेकू नका. तीन-चार दिवसांत तो आक्रसतो, गाल बसतात, तोंड आत जातं आणि खऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा दिसायला लागतो. मेयो काउंटीत कॅसलबारजवळच्या म्युझियममध्ये डोनेगलच्या अशाच एका जुन्या कंदिलाचा प्लास्टरचा साचा ठेवलाय, आमची पाच वर्षांची मुलगी त्याच्यासमोर उभी राहून मला विचारत होती, आई, हे कोणाचे आजोबा?