ड्रंक अँड ड्राइव्हची केस झाल्यावर गाडीचा इन्शुरन्स स्वस्तात कसा करायचा, बेळगाव-खानापूर-निपाणीवाल्यांसाठी

कोर्टात दंड भरून झाला, लायसन आरटीओकडं गेलंय, आणि त्यात गाडीचा इन्शुरन्स संपत आला म्हणून मेसेज आला की माणूस घाबरतंय. मग कट्ट्यावर कोण सांगतंय आता तुला डबल प्रीमियम पडणार, कोण सांगतंय कुठलीच कंपनी तुला पॉलिसी देणार नाही, आणि मग ते भिऊन लोक नको ते करून बसतात. बेळगाव भागात हे बोलणं इतक्यांदा ऐकलंय की एकदा सगळं नीट लिहूनच काढावं म्हटलं.

आधी एक गोष्ट डोक्यातनं काढा. युट्यूबवर जे व्हिडिओ दिसतात ते बरेचसे अमेरिकेचे असतात, तिकडं बऱ्याच राज्यांत केस झालेल्या माणसाला एसआर-22 नावाचा कागद कंपनीकडनं भरून द्यावा लागतो आणि पुढं काही वर्षं प्रीमियम चढाच राहतो. आपल्याकडं तसं नाही. आपल्याकडं प्रीमियम मुख्यतः गाडी बघून ठरतो, म्हणजे किती सीसीची, किती जुनी, कुठं रजिस्टर झालेली, आणि आधी क्लेम घेतलाय का. 2021 च्या जानेवारीत आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या एका गटानं ट्रॅफिकचे नियम मोडणाऱ्यांना पॉइंट लावून जास्त प्रीमियम घ्यावा असा मसुदा काढला होता, त्यात दारू पिऊन चालवण्याला सगळ्यात जास्त 100 पॉइंट आणि चुकीच्या पार्किंगला 10 पॉइंट होते. एजंट लोक अजून त्याचंच नाव सांगून भीती घालतात. तसं कोण म्हणालं तर तो जादा पैसा पॉलिसीच्या कागदावर कुठल्या ओळीत लिहिलाय ते दाखवा म्हणायचं, तोंडी ऐकायचं नाही.

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरून देणारा सक्तीचा भाग, त्याचा दर तर कंपनी ठरवतच नाही, केंद्र सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासूनच्या तक्त्यात खाजगी कारला वर्षाला 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1000 ते 1500 सीसीला 3,416 आणि त्याच्या वर 7,897, आणि ह्याच्यावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे जुनी मारुती 800 असली तर साधारण 2,471 रुपयात थर्ड पार्टी होते. तुमच्यावर केस असो नसो, आकडा तोच. रिन्यू करताना चालू वर्षाचा तक्ता एकदा बघून घ्या आणि त्याच्या वर कोण एक रुपया मागत असला तर सरळ दुसऱ्याकडं जा.

मग महाग कुठं पडतंय? तर पॉलिसी सोडून दिली की. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो. लायसन जमा झालं, गाडी दारात उभी आहे, आता चालवायचीच नाही तर इन्शुरन्स कशाला, असं वाटतं माणसाला आणि तो रिन्यू करत नाही. पॉलिसी संपल्यापासून 90 दिवसांत रिन्यू नाही केली तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, सगळा जातो, पाच वर्षं क्लेम न घेता मिळवलेला 50 टक्के असला तरी शून्यावर येतो. समजा तुमच्या गाडीचा ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, प्रीमियम 6,000 आहे आणि बोनस 50 टक्के, तर दरवर्षी 3,000 वाचत होते, ते गेले, आणि परत 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढत पाच वर्षं घालवायची. वर मधे खंड पडला म्हणून गाडीचं इन्स्पेक्शन. आणि बघा, पहिल्या केसला लायसन सस्पेंड होतं ते तीन महिने, आणि बोनस जायचे दिवसही 90, म्हणजे लायसन हातात यायच्या वेळेला बरोबर बोनस गेलेला असतो. केसमुळं बोनस जात नाही, बोनस जातो तो क्लेम घेतल्यानं नाहीतर पॉलिसी सोडल्यानं. म्हणून काय पण करा, तारीख चुकवू नका.

आणि गाडी उभी आहे म्हटलं तरी घरात भाऊ असतो, बायको असते, पोरगा असतो, कोण तरी किल्ली घेतंयच की. इन्शुरन्स गाडीचा असतो, त्यामुळं ज्याच्याकडं चालू लायसन आहे तो चालवत असला तर तुमच्या केसमुळं त्याचा क्लेम अडत नाही. पण इन्शुरन्सच नसला तर पहिल्यांदा 2,000 आणि दुसऱ्यांदा 4,000 दंड, जेल पण होऊ शकते, आणि कुणाला धडक बसली तर नुकसानभरपाई सगळी तुमच्या खिशातनं.

आता कागदपत्राचं. दारू पिऊन चालवल्याची केस कलम 185 ची, पोलिसाला जागेवर दंड घेऊन मिटवता येत नाही, कोर्टातच जावं लागतं. पहिल्यांदा 10,000 दंड किंवा सहा महिन्यापर्यंत जेल किंवा दोन्ही, दुसऱ्यांदा 15,000 दंड किंवा दोन वर्षापर्यंत जेल किंवा दोन्ही. दंड भरल्याची पावती आणि ऑर्डरची कॉपी जपून ठेवा. आपल्याकडं एक अडचण म्हणजे कोर्टाचा आणि आरटीओचा कागद कन्नडात येतो, आणि वाचता येत नाही म्हणून लोक तो तसाच कपाटात टाकतात. तसं करू नका, आरटीओची नोटीस असली तर त्यात तुमचं म्हणणं मांडायची तारीख असते, ती गेली की गेली. शेजारी कोण कन्नड वाचणारं असतंय, वकील असतो, नाहीतर कोर्टाच्या आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरण आहे तिथं विचारा. लायसन परत घ्यायला रिफ्रेशर कोर्स करावा लागतो, नुसते तीन महिने गेले म्हणून ते आपोआप हातात येत नाही. कोर्सचा दाखला पण त्याच फाइलला लावा.

लायसन सस्पेंड असताना गाडी चालवली तर त्याची वेगळी केस, 10,000 दंड किंवा तीन महिन्यापर्यंत जेल किंवा दोन्ही, आणि इन्शुरन्सच्या दृष्टीनं तर त्याहून वाईट. अपघात झाला की कंपनीचा सर्व्हेअर लायसनचा नंबर सारथी ह्या सरकारी लायसन पोर्टलवर टाकून बघतो, त्यात सस्पेंड दिसलं की क्लेम संपला. खानापूरपासनं बेळगावपर्यंत तर जायचंय, कोण बघतंय, असं म्हणून चालवू नका.

फॉर्म भरताना काय लिहायचं हे पण बऱ्याच जणांना कळत नाही. कंपनीच्या प्रपोजल फॉर्ममध्ये अपघात, क्लेम किंवा शिक्षा झाली आहे का असं विचारलेलं असलं तर खरं लिहा. नसलं विचारलं तर आपण होऊन वेगळा अर्ज द्यायची गरज नाही. पण विचारलंय आणि तुम्ही नाही म्हणून टिक केली, किंवा एजंटनं तुमच्या वतीनं केली, तर पुढं दोन-तीन लाखाचा क्लेम आला की तेच कारण काढून नाकारतात. ऑनलाइन काढताना बोनसचा आकडा पण असाच खोटा टाकतात लोक, क्लेम घेतलेला असून 35 टक्के टाकतात, कंपन्या एकमेकांकडनं ते तपासून घेतात आणि सापडलात तर भरलेला प्रीमियम पण वाया. एजंटकडनं भरून घेतला तरी फॉर्मची कॉपी मागून घ्या, सही तुमची असते.

आता खरोखर पैसे कुठं वाचवायचे ते. सगळी घासाघीस ओन डॅमेजच्या भागात करायची, कारण तिथंच कंपनीला सूट द्यायला जागा असते. तीन-चार ठिकाणचे आकडे काढा, सरकारी चार कंपन्या आहेतच, न्यू इंडिया, युनायटेड इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, शिवाय एक-दोन खाजगी, पण सगळीकडं आयडीव्ही एकच ठेवून बघा. आयडीव्ही म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पार मोडली तर मिळणारी रक्कम. एजंट ती लाखभरानं खाली आणतो आणि म्हणतो बघा किती स्वस्त करून दिलं, ते स्वस्त नव्हे.

व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणून एक पर्याय असतो, म्हणजे प्रत्येक क्लेमला पहिले अमुक रुपये मी भरीन असं कबूल करायचं. जुन्या टॅरिफमधला हिशोब असा की 2,500 कबूल केले तर ओन डॅमेजवर 20 टक्के सूट पण जास्तीत जास्त 750 रुपये, 5,000 ला 25 टक्के पण 1,500 पर्यंत. गाडी जपून वापरणाऱ्याला हे परवडतं. 2022 च्या जुलैपासून जेवढे किलोमीटर तेवढा प्रीमियम अशा प्रकारची ॲड-ऑन पण आलीत, गाडी सहा महिने टिळकवाडीत घरासमोर उभीच राहणार असली तर ते जरूर विचारा. आणि मालकाकडं चालू लायसन नसताना 15 लाखाचं मालक-चालक अपघात कव्हर सक्तीचं नसतं, त्याचे पैसे लावलेत का बघा. लायसन परत आलं की मात्र ते लगेच घ्या, ते तुमच्या घरच्यांसाठी आहे.

बारा-पंधरा वर्षाची गाडी असली तर नुसती थर्ड पार्टी घेऊन मोकळं व्हा असं माझं मत आहे. नवी असली, आणि पावसाळ्यात जांबोटी-चोर्ला घाटातनं जाणं-येणं असलं, तर पैसे वाचवायला ओन डॅमेज वगळू नका, झाड पडलं तरी लाखाचं काम निघतं. केए 22 ची गाडी झोन बी मध्ये येते, पुण्याची एमएच 12 झोन ए मध्ये, म्हणून सारखी गाडी असून पुण्यातल्या भावाला जास्त पडतं, त्याच्या आकड्याशी तुमचा आकडा ताडून बघू नका. गाडी विकायचंच ठरवलं असलं तर विकताना कंपनीकडनं बोनसचं पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं, पुढच्या गाडीला तोच बोनस लावता येतो. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो.

हजार रुपयात फुल इन्शुरन्स करून देतो म्हणणारे पण भेटतात, विशेषतः केस झालेल्या माणसाला गाठतात कारण तो घाबरलेला असतो. पॉलिसी हातात आली की लगेच तिच्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा, कंपनीच्या कस्टमर केअरला पॉलिसी नंबर सांगून विचारा, आणि काही दिवसांनी एमपरिवाहन ह्या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून इन्शुरन्सची तारीख बदलली का बघा.

आणि एक मनापासून सांगतो. स्वस्त असो महाग असो, पिऊन चालवताना काय झालं तर गाडीच्या नुकसानीचा एक रुपया मिळत नाही, प्रत्येक पॉलिसीत ते लिहिलेलं असतं. टेस्ट झालीच नाही तर कसं सिद्ध करतील म्हणणाऱ्यांसाठी, 2007 साली दिल्लीत एक पोर्शे ठोकली होती, ती केस सुप्रीम कोर्टात गेली आणि एप्रिल 2021 मध्ये कोर्टानं सांगितलं की टेस्टचा रिपोर्ट नसला तरी बाकीच्या परिस्थितीवरनं कंपनी ते सिद्ध करू शकते. समोरचा माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना कंपनी आधी पैसे देते आणि मग तुमच्याकडनं वसूल करायचा हुकूम होऊ शकतो, त्यात शेत जातं, घर जातं. गोव्यातनं येताना, शिनोळीला जेवून येताना, ड्रायव्हर म्हणून न पिणारा एक जण ठरवूनच निघा. सोडायचीच असेल आणि जमत नसेल तर 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन आहे, पैसे लागत नाहीत.

कंपनीनं केसचं कारण देऊन पॉलिसी नाकारली किंवा क्लेम अडवला तर आधी कंपनीलाच लेखी तक्रार करा, नाकारल्याचं कारण लेखी मागा. मग आयआरडीएआयच्या 155255 ह्या फोनवर किंवा त्यांच्याच बीमा भरोसा पोर्टलवर. 30 दिवसांत काही झालं नाही तर विमा लोकपाल, त्याला फी नाही, वकील लागत नाही. आपण कर्नाटकात असल्यामुळं आपलं ऑफिस बेंगळुरूचं, पुणं जवळ वाटलं तरी तिकडं अर्ज पाठवून दिवस घालवू नका, आणि कंपनीचं शेवटचं पत्र आल्यापासून वर्षाच्या आत अर्ज गेला पाहिजे.