शून्यं गेली अन् पुस्तक सापडेना

नाशिकला गंगापूर रोडवरच्या आमच्या छोट्या कॉलेजचं ग्रंथालय कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरवर न्यायचं ठरलं. कोहा फुकट मिळतं. ते मूळचं न्यूझीलंडचं, २००० साली तिथल्याच एका ग्रंथालयात पहिल्यांदा चालू झालं. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट.

दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद, स्प्रेडशीटमध्ये उतरवली, बारकोड चिकटवले आणि पहिल्याच दिवशी देवघेवीच्या टेबलावर घोळ. ००४१७ स्कॅन केलं की उत्तर एकच, असा बारकोड नाही. मी स्कॅनरलाच शिव्या घातल्या. तो बिचारा कीबोर्डसारखा नुसते आकडे टाइप करतो. नोटपॅड उघडून स्कॅन केलं तर पाचही आकडे नीट उमटले. म्हणजे खोट यादीत! स्प्रेडशीटनं संख्या समजून पुढची शून्यं खाल्ली होती, उरलं ४१७. रकाना टेक्स्ट केला, सूत्र लावून शून्यं परत आणली, नोंदी पुन्हा चढवल्या. तेव्हा कुठे पुस्तक सापडलं.

मराठी शीर्षकं जुन्या फॉन्टमधली, पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. कन्व्हर्टरनं युनिकोड केली, फाइल यूटीएफ-८ या युनिकोडच्याच साच्यात सेव्ह केली, तरी रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनीच तपासली. इंग्रजी पुस्तकांच्या बऱ्याच नोंदी मात्र झेड३९.५० वरून, म्हणजे दुसऱ्या ग्रंथालयांच्या याद्यांतून नोंदी घ्यायच्या ठरलेल्या पद्धतीनं, आयत्या मिळाल्या.

८९१.४६ या वर्गांकाच्या, म्हणजे मराठी साहित्याच्या कपाटाशी शिपाईमामा म्हणाले, "सर, पावसाळ्यात स्टिकर सुटणार." सुटलेच. आता वरून पारदर्शक टेप लावतो. देवघेवीचं जुनं रजिस्टरही टेबलावरच आहे, वीज गेली की तेच.