यूपीएससीचा फॉर्म भरताय? आधी जाहिरात वाचा आणि या चुका टाळा

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेसाठी सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी सात वर्षं काढली. चार अटेम्प्ट, दोन मेन्स (मुख्य परीक्षा), यादीत नाव एकदाही नाही. आता त्याच गल्लीत मुलांच्या उत्तरपत्रिका तपासून देतो. त्यामुळे कुणी मला यशाचं रहस्य विचारत नाही, पण कोण कशामुळे गळलं हे मी भरपूर पाहिलंय. अभ्यास कमी पडून गळणारे असतातच, त्यांच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. जाहिरातीत स्पष्ट छापलेली गोष्ट न वाचल्यामुळे जे गळतात, त्यांचा मात्र राग येतो. त्यांच्यात एकेकाळी मीही होतो.

"सीसॅट तर फक्त क्वालिफाइंग आहे ना?"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं तडकतं. प्रिलिमला, म्हणजे पूर्वपरीक्षेला, दोन पेपर. जीएसचे (सामान्य अध्ययन) १०० प्रश्न, २०० गुण. कटऑफ, म्हणजे पुढे जायला लागणारे किमान गुण, त्यावर ठरतो. सीसॅटचे (उतारे, गणित, तर्क) ८० प्रश्न, २०० गुण. त्यात ३३ टक्के, म्हणजे ६६ गुण मिळवायचे. २०१५ पासून हा पेपर पात्रतेपुरता झाला आणि मुलांनी त्याला वाऱ्यावर सोडलं. ६६ गुण मिळाले नाहीत तर जीएसमध्ये कितीही असोत, तुम्ही बाहेर.

२८ मे २०२३. सकाळचा जीएस इतका अवघड होता की बाहेर आल्यावर कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मला मात्र आतून वाटत होतं की आपला बरा गेलाय. मधल्या वेळेत केळी खाल्ली, झाडाखाली डुलकी काढली आणि अडीचला सीसॅटला बसलो. उतारे लांबलचक, गणितं त्याहून वाईट. चार वाजून दहा मिनिटांनी माझे ३८ प्रश्न झाले होते. शेजारचा मुलगा उत्तरपत्रिकेवरचे गोळे धडाधड काळे करत होता. ते बघून माझा धीर सुटला. शेवटच्या वीस मिनिटांत बारा गोळे अंदाजाने काळे केले. प्रश्नपुस्तिका घरी नेता येते, म्हणून त्या बारांवर पेनाने फुल्या मारून ठेवल्या होत्या.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये अंतिम निकाल लागला आणि त्यानंतर गुण हातात आले. जीएस ८४. त्या वर्षी खुल्या गटाचा कटऑफ होता ७५.४१. सीसॅट ६५.

६५! एका गुणाने गेलो. मग फुल्या घेऊन हिशेब मांडला. बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला त्याचा एक तृतीयांश वजा. पहिल्या ३८ मध्ये ३० बरोबर, ८ चूक: ७५ मधून ६.६७ गेले, राहिले ६८.३३. म्हणजे मी पास होतो. नुसता हात बांधून बसलो असतो तरी पास होतो. अंदाजाच्या बारांपैकी दोन लागले, दहा चुकले आणि ३.३३ गुण खाली आलो. वर्ष गेलं, अटेम्प्ट गेला. घरी सांगताना 'पेपर अवघड होता' असं सांगितलं, ते अर्धसत्य होतं.

त्यानंतर मला लागलेली सवय आजही मुलांवर लादतो. दर रविवारी मेसचं जेवण झालं की बरोबर अडीच ते साडेचार एक जुना सीसॅट पेपर सोडवायचा. सकाळी नाही, दुपारीच. खरा पेपर त्याच वेळेला असतो आणि भात खाऊन आलेली झोप हा त्या पेपरातला एक्क्याऐंशीवा प्रश्न असतो. सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी 'नक्की' किंवा 'अंदाज' अशी खूण करायची. नक्कीचे पस्तीस झाले की पेन खाली ठेवायचं. जुने पेपर आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत; त्यासाठी टेलिग्रामवर कुणाची 'अल्टिमेट' पीडीएफ शोधायची गरज नाही. कला शाखेतून आलेल्यांनी हे आधी सुरू करावं आणि इंजिनिअर लोकांनी उताऱ्यांच्या बाबतीत जरा नम्र व्हावं.

राज्याचं सर्टिफिकेट केंद्राला लावणे

माझा रूममेट लातूरकडचा. अभ्यासाला माझ्यापेक्षा पक्का. राज्यसेवेसाठी काढलेलं नॉन-क्रिमीलेअर (ओबीसी सवलतीसाठी लागणारं सर्टिफिकेट) त्याच्याकडे होतं, म्हणून यूपीएससीच्या फॉर्मवर ओबीसी टाकून मोकळा झाला. प्रिलिम निघाली, आम्ही मेसमध्ये गुलाबजाम मागवले. मग पुढचा सविस्तर अर्ज भरताना कुणीतरी विचारलं, "सेंट्रलचं आहे ना?" नव्हतं. भारत सरकारच्या नोकरीसाठी वेगळा नमुना लागतो आणि त्याच्याकडचा राज्याचा होता. रात्रीची गाडी पकडून गावी गेला, धावपळ करून नव्या नमुन्यातलं सर्टिफिकेट आणलं. तारीख जूनची. अर्जाची शेवटची तारीख केव्हाच उलटून गेलेली. सर्टिफिकेट त्या तारखेपर्यंतचंच चालतं, हे जाहिरातीत लिहिलेलं होतं. खुल्या गटाच्या कटऑफला त्याचे गुण पुरत नव्हते. उमेदवारी रद्द.

तो महिनाभर कुणाशी बोलला नाही. मी त्याला मनात मूर्ख म्हटलं. नंतर आठवलं की फॉर्म भरताना मीच त्याच्या शेजारी बसलो होतो आणि मीही विचारलं नव्हतं.

तेव्हा नीट ऐका. पहिलं, तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते बघा. राज्याची यादी वेगळी, केंद्राची वेगळी. राज्यात विमुक्त किंवा भटक्या प्रवर्गात असणाऱ्या बऱ्याच जाती केंद्रात ओबीसीत येतात, पण 'बऱ्याच' म्हणजे 'सगळ्या' नव्हे. दुसरं, मराठा समाजाचं राज्यातलं एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आरक्षण यूपीएससीला लागू नाही. तिथे खुला गट, किंवा अटीत बसत असाल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक). त्या अटी नुसत्या आठ लाखांच्या उत्पन्नापुरत्या नाहीत: कुटुंबाकडे पाच एकर किंवा जास्त शेती असेल तरी बाद. तिसरं, सर्टिफिकेटवरची आर्थिक वर्षं जाहिरातीतल्या वर्षांशी बोटाने एकेक करून जुळवा. 'हे मागच्या वर्षी चाललं होतं' याला काही अर्थ नाही.

मी पोरांना सांगतो, दिवाळीला घरी गेलात की फराळाआधी सेतू केंद्र. जाहिरात जानेवारी-फेब्रुवारीत येते, तेव्हा रांगेत उभं राहू नका. आणि अर्ज देतानाच सांगा, "केंद्राच्या नमुन्यात पाहिजे." खिडकीतला माणूस स्वतःहून विचारत नाही.

"अनुभव म्हणून देऊन बघतो"

एकवीस वर्षांची पोरं, तीन महिन्यांचा अभ्यास, आणि 'पेपर कसा असतो ते बघू'. खुल्या गटाला सहाच अटेम्प्ट आहेत, ओबीसीला नऊ, एससी-एसटीला वयोमर्यादेपर्यंत. नुसता फॉर्म भरला तर अटेम्प्ट मोजला जात नाही, पण प्रिलिमच्या एका जरी पेपरला बसलात की मोजला जातो. बघायचाच असेल तर मागच्या वर्षीचा पेपर प्रिंट काढा आणि घड्याळ लावून खोलीत बसा. भीती अनुभवायचीय म्हणता? ती तयारी झाल्यावरही पुरेशी वाटते.

मेन्समध्ये शेवटचे तीन प्रश्न सोडणे

जीएसच्या पहिल्या तीन पेपरांत २० प्रश्न, तीन तास. दहा प्रश्न दहा गुणांचे, दहा पंधराचे. सात मिनिटं आणि अकरा मिनिटं धरली तर सत्तर अधिक एकशेदहा, बरोबर १८० मिनिटं. विचार करायला वेगळा वेळ नाहीच. तरी दर आठवड्याला माझ्याकडे अशी एक उत्तरपत्रिका येते जिच्यात पहिलं उत्तर सुंदर असतं, आकृती, रंगवलेला नकाशा, आणि १८, १९, २० कोरे. पंधराचे तीन, म्हणजे पंचेचाळीस गुण हवेत गेले. पहिल्या उत्तराची कितीही आरास केली तरी दहाचे अकरा मिळत नाहीत.

मराठी माध्यमवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट. उत्तर मराठीत लिहिता येतं, मुलाखतही मराठीत देता येते, पण जीएसचा प्रश्न हिंदी आणि इंग्रजीतच छापलेला असतो. सराव मात्र आपण मराठीत भाषांतर केलेल्या प्रश्नांवर करतो. मग हॉलमध्ये इंग्रजी प्रश्न मनात मराठीत आणण्यात प्रत्येकी मिनिट जातं, वीस प्रश्नांची वीस मिनिटं. पहिल्या दिवसापासून प्रश्न इंग्रजीतच वाचा.

बाकीच्या, थोडक्यात

मराठीचा अनिवार्य पेपर 'आपलीच भाषा' म्हणून सोडू नका. ३०० पैकी ७५ लागतात, इंग्रजीलाही तेवढेच, आणि एकात जरी कमी पडलात तर बाकीचे पेपर मोजले जात नाहीत. सारांशलेखन हाताने, वेळ लावून, निदान दहा वेळा करा.

ऑप्शनल (मेन्सचा वैकल्पिक विषय) मित्राने घेतला म्हणून घेऊ नका. ५०० गुण आहेत. मित्र दुसऱ्या वर्षी बँकेत लागतो आणि तुम्ही त्याचा विषय वाचत बसता.

सविस्तर अर्जात छंदाच्या रकान्यात 'वाचन' लिहिणार असाल तर शेवटचं पुस्तक कधी पूर्ण केलं ते आधी आठवा.

ओएमआरवर (गोळे काळे करायची उत्तरपत्रिका) काळं बॉलपेन, दुसरं काही नाही. रोल नंबर आणि पुस्तिकेची सिरीज भरताना चुकलात तर उत्तरपत्रिका बाद होऊ शकते. मी पहिली पाच मिनिटं प्रश्न उघडतच नाही. सिरीजचं अक्षर पुस्तिकेवर बघतो, गोळ्यावर बघतो, परत पुस्तिकेवर बघतो. शेजारचे हसतात.

आणि गेट पेपरच्या अर्धा तास आधी बंद होतं. साडेनऊचा पेपर असेल तर नऊला. आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन या, गेट नेमकं कुठल्या गल्लीत आहे ते बघा. शाळेचं पुढचं गेट बंद ठेवून मागचं उघडतात, हे मला दुसऱ्या अटेम्प्टला आठ वाजून बावन्न मिनिटांनी कळलं होतं.