कोस्टा रिकात अडकलेलं मुखत्यारपत्र

सान होसेतल्या वकिलाला पाठवलेलं आमचं मुखत्यारपत्र परत आलं. चेंबर ऑफ कॉमर्सचा शिक्का होता, पण अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून लावलेलं सरकारी प्रमाणपत्र, नव्हतं. मी दूतावासाच्या शिक्क्यामागे धावणार होतो. तेवढ्यात कळलं, भारत 2005 पासून आणि कोस्टा रिका 2011 पासून अपोस्टिल करारात आहेत, दूतावासाची गरजच नाही!

मग चेंबरच्या शिक्क्यानंतर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल घेतलं. स्पॅनिश भाषांतर मात्र कोस्टा रिकातल्याच सरकारमान्य अनुवादकाकडून, अपोस्टिलच्या मजकुरासकट करून घेतलं. पुण्यात आधी करून घेतलेलं भाषांतर वाया गेलं, पैसेही.

तरी आठवडा गेलाच. सेमाना सान्ता, म्हणजे ईस्टरआधीचा आठवडा. गुड फ्रायडेचीच सुट्टी धरून बसलो होतो; तिथे गुरुवारीही सगळं बंद आणि वकीलसाहेब आधीच समुद्रकिनारी. पुढच्या सोमवारी कागद दाखल झाले.